प्रवाळाची वाढ वेगाने करता येते का? बाळसं कोणतं आणि सूज कोणती

प्रश्न थोडक्यात असा: काही जण मिळून एका मेलेल्या प्रवाळखडकावर, म्हणजे रीफवर, पुन्हा प्रवाळ लावायचं म्हणताहेत. त्यांच्या वाचनात आलंय की प्रवाळाचे बारीक तुकडे केले की ते २५ ते ५० पट वेगाने वाढतं, लोखंडी जाळीतून वीज सोडली की आणखी वेगाने, आणि टाकीत खाऊपिऊ घालून ठेवलं तर त्याहूनही. यातलं खरं किती? आणि सगळ्यात वेगवान पद्धत उचलली तर रीफ किती वर्षांत उभा राहील?

मी गेली सोळा वर्षं प्रवाळांच्या रोपवाटिकांमध्ये काम करते आहे, काही वर्षं जमिनीवरच्या टाक्यांत, काही वर्षं पाण्याखाली. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. हो, वाढीचा वेग वाढवता येतो आणि आम्ही रोज तेच करतो. पण वेगाची खरी गरज दोनच ठिकाणी असते. एक, इवल्याशा तुकड्याला कोणीही खाऊन टाकेल किंवा शैवाल गिळून टाकेल, त्या वयातून तो लवकर बाहेर पडावा म्हणून. दोन, तो लवकर वयात येऊन अंडी सोडायला लागावा म्हणून. याच्या पलीकडे वेगामागे धावलात तर हाती लागतं ते बाळसं नसतं, सूज असते. आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात ती उतरते.

आधी ‘वाढ’ कशाला म्हणायचं ते नीट ठरवू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. प्रवाळ म्हणजे चुन्याच्या घरावर ताणलेली पातळ जिवंत कातडी. आत जो दगडासारखा भाग दिसतो तो सगळा त्या कातडीने आजवर आपल्याखाली रचत आणलेला सांगाडा. जिवंत असतो तो वरचा काही मिलिमीटरचा थर. त्यामुळे ‘वाढ’ या एका शब्दात तीन गोष्टी बसलेल्या असतात: कातडी आडवी पसरणं, सांगाडा लांब किंवा उंच होणं, आणि त्या सांगाड्यात चुना किती दाट भरला जातो ते. या तिन्ही बरोबरीने चालत नाहीत. एकीला पळवलं की दुसरी मागे पडते, असं पुष्कळदा होतं. म्हणून कोणी ‘अमुक पट’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाच्या पट?

फांद्यांच्या जाती, म्हणजे ॲक्रोपोरा वगैरे, वर्षाला १० ते २० सेंटिमीटर लांबतात. गोळ्यासारख्या वाढणाऱ्या जाती, ज्यांच्यावर रीफचा खरा भार असतो, त्या वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. माणसाच्या कमरेइतका उंच गोळा पाहिलात तर त्याचं वय शंभराच्या पुढे धरायला हरकत नाही. म्हणूनच सुरुवातीच्या काळात पुनर्स्थापनेचं बहुतेक काम फांद्यांच्या जातींवरच झालं. गोळे लावून काय करायचं, ते मोठे झालेले पाहायला आपण नसणार, असंच सगळ्यांना वाटायचं.

हा समज मोडला तो फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत, आणि तोही अपघाताने. डेव्हिड वॉन हे तिथले शास्त्रज्ञ टाकीच्या तळाला चिकटलेला एल्कहॉर्न प्रवाळाचा एक तुकडा उचलायला गेले आणि तो तुटला. तळाला दोन-चार पॉलिप, म्हणजे ज्या इवल्या तोंडाळ जिवांची मिळून प्रवाळाची कातडी बनते ते, तेवढे चिकटून राहिले. ते मरणार असं त्यांनी धरूनच चाललं होतं, पण थोड्याच आठवड्यांत त्या ठिपक्यांचे चांगले मोठे डाग झालेले दिसले. पुढे हेच तंत्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्याच्या जातींवर करून पाहिलं, आणि २५ ते ५० पट हा आकडा तिथून जगभर पसरला.

आकडा खोटा नाही. पण तो कुठून येतो हे समजून घ्या, कारण त्यात जादूपेक्षा भूमिती जास्त आहे. प्रवाळाची कातडी पसरते ती कडेने. समजा दहा सेंटिमीटर बाजूचा एक चौरस तुकडा आहे आणि तो चारही बाजूंनी एक-एक मिलिमीटर पसरला. १०,००० चौरस मिलिमीटरचे १०,४०४ झाले, म्हणजे वाढ ४ टक्के. आता तोच चौरस कापून एक सेंटिमीटर बाजूचे शंभर तुकडे करा. प्रत्येक तुकडा तोच एक मिलिमीटर पसरला तर १०० चे १४४ होतात, म्हणजे ४४ टक्के. शंभर तुकड्यांची मिळून भर ४,४०० चौरस मिलिमीटर, आणि अखंड तुकड्याची ४०४. एकाही पॉलिपने जास्तीचं काही न करता अकरापट वाढ दिसली! त्यावर आणखी, कापल्यामुळे जखम भरून काढायची जी घाई प्रवाळाला होते ती वेगळी, आणि टाकीत शत्रू नसतात त्याचा फायदा वेगळा. पण हे सगळे ‘पट’ कातडीच्या क्षेत्रफळाचे आहेत. सांगाड्याचं वजन २५ पट वेगाने वाढतं असा याचा अर्थ मुळीच नाही.

तरीही हे तंत्र मला मनापासून आवडतं, आणि का ते कापायला बसल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे हिऱ्याचं पातं बसवलेली पट्टीची करवत आहे. पात्यावर समुद्राच्या पाण्याची धार अखंड हवी, नाहीतर कातडी भाजते. कापताना प्रवाळ बुळबुळीत स्राव सोडतं, तो पात्यावरून दोऱ्यासारखा लोंबतो, आणि खोलीभर ओल्या शिंपल्यांचा वास सुटतो. तुकडा करायचा तो करंगळीच्या नखाएवढा, त्यावर तीन ते पाच पॉलिप. खालचा मेलेला चुना शक्य तितका छाटून टाकायचा, कारण सांगाडा पोखरणारे स्पंज आणि शैवाल त्यातच दडून बसलेले असतात. मग सिरॅमिकच्या चकतीवर घट्ट सुपरग्लूचा थेंब, त्यावर तुकडा दाबून धरून दहा आकडे मोजायचे, आणि लगेच पाण्यात.

पहिले चार-पाच दिवस काहीही दिसत नाही. मग एका सकाळी भिंग लावलं की कापलेल्या कडेला पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक झालर दिसते. ती वाळलेल्या गोंदाच्या ओघळावर चढते, पलीकडे उतरते, चकतीवर सरकत जाते. तिच्यामागून तपकिरी रंग भरत येतो, कारण कातडीत राहणारं सूक्ष्म शैवाल त्या नव्या भागात जरा उशिरा पोचतं. इतक्या वर्षांनंतरही ती झालर दिसली की मी हातातलं काम थांबवून बघत बसते.

पुढची पायरी याहून महत्त्वाची. एकाच मूळ वसाहतीचे, म्हणजे एकाच अखंड प्रवाळापासून कापलेले, तुकडे एकमेकांना ओळखतात. मेलेल्या जुन्या गोळ्यावर असे तुकडे तीन-चार सेंटिमीटरच्या अंतराने लावले की त्यांच्या झालरी एकमेकींना भिडतात, भेटीच्या जागी आधी एक उंच रेघ उठते आणि काही आठवड्यांनी तीही पुसली जाते. जुन्या सांगाड्यावर नवी कातडी चढते. आणि प्रवाळ वयात येतं ते वर्षांच्या हिशेबाने कमी, आकाराच्या हिशेबाने जास्त. म्हणजे जोडून झालेली ही कातडी पुरेशी मोठी झाली की तिला वाटतं आपण मोठे झालो. मोटच्या लोकांनी २०१५ मध्ये असे लावलेले ऑर्बिसेला जातीचे गोळे २०२० मध्ये अंडी सोडताना पाहिले. मधल्या पाच वर्षांत त्यांच्यावरून विरंजन म्हणजे ब्लीचिंग (उष्णतेने कातडीतलं शैवाल निघून जाऊन प्रवाळ पांढरं पडणं) गेलं, २०१७ चं इर्मा वादळ गेलं, ऊती गळून पडणारा तो भयंकर रोगही गेला. एरवी ज्या गोष्टीला कित्येक दशकं लागली असती ती पाच वर्षांत झाली. मी ‘बाळसं’ म्हणते ते हे.

इथे एक चूक फार जण करतात. वेगवेगळ्या वसाहतींचे तुकडे एकाच गोळ्यावर शेजारी-शेजारी लावतात. ते जुळत नाहीत, भांडतात. भेटीच्या रेषेवर दोन्हीकडची कातडी मरून पांढरी पट्टी पडते, आणि त्या पट्टीत आधी शैवाल येऊन बसतं. म्हणून एका गोळ्यावर एकच वंश (एकाच मूळ वसाहतीचे तुकडे), दुसरा वंश शेजारच्या गोळ्यावर, असं ठेवा. चकत्यांवरच्या खुणा पहिल्या दिवसापासून सांभाळल्या नाहीत तर वर्षाने हे निस्तरता येत नाही.

आता खाऊपिऊ. प्रवाळाला ऊर्जा मिळते ती बव्हंशी त्याच्या कातडीतल्या शैवालाकडून, म्हणून उजेड हवा. उजेडात सांगाडा अंधारातल्यापेक्षा साधारण तिप्पट वेगाने बनतो. पण शैवाल देतं ती मुख्यतः साखर आणि चरबी. नत्र आणि फॉस्फरस मिळवायला प्रवाळाला शिकार करावी लागते. रात्री पॉलिप बाहेर आले की आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जिवाची नुकती फुटलेली पिल्लं किंवा रोटिफर हे सूक्ष्म जीव सोडायचे, अर्धा तास पंप बंद ठेवायचे. ज्या तुकड्यांना असं खायला मिळतं त्यांची कातडीही जाड होते आणि सांगाडाही वाढतो. टाकीतल्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटांचं प्रमाण, ७ ते ८.५ डीकेएच (ते मोजायचं एकक) ठेवतो. खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा तो आकडा रोज तोच राहणं महत्त्वाचं. अल्कलिनिटी एकदम वर नेली तर फांद्यांची टोकं भाजल्यासारखी पांढरी पडतात आणि आठवडाभराची कमाई एका दिवसात जाते.

याच बाबतीत मला माझ्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगायची आहे. आम्हाला ठरावीक मुदतीत ठरावीक लांबीच्या फांद्या तयार करून द्यायच्या होत्या. मी खाद्य वाढवलं, दिवसातून दोनदा केलं. फांद्या इतक्या झरझर वाढल्या की रोजच्या नोंदी लिहिताना हात थरथरायचा. पाण्यातलं फॉस्फेट हळूहळू चढतंय हे मी पाहत होते, पण प्रवाळं देखणी दिसत होती म्हणून मी ते चालू दिलं. लावणीच्या दिवशी पेट्यांतून फांद्या काढताना त्या हातातच मोडायला लागल्या. मोडलेल्या टोकाकडे पाहिलं तर आतला चुना जाळीदार, खारी बिस्किटासारखा पोकळ. जास्त फॉस्फेटमध्ये ॲक्रोपोराची लांबी वाढते पण सांगाड्याची घनता घटते हे नियंत्रित प्रयोगांतही दिसलेलं आहे; मी ते आधी वाचलं असतं तर त्या फांद्या वाचल्या असत्या. ज्या रुजल्या त्यांतल्याही बऱ्याच पहिल्या मोठ्या लाटांत गेल्या. तेव्हापासून आम्ही लांबीबरोबर वजन मोजल्याशिवाय एकही तुकडा ‘तयार’ म्हणत नाही, आणि लावणीआधी महिनाभर टाकीतला प्रवाह जोरात करतो. जोराच्या पाण्यात प्रवाळ आखूड पण दणकट होतं. मुदत पुढे गेली तरी चालेल.

पाण्याखालच्या रोपवाटिकेत यातलं बरंचसं फुकट मिळतं. केन नेडिमायर यांनी बनवलेलं ‘प्रवाळाचं झाड’ तुम्ही चित्रात पाहिलं असेल: प्लास्टिकच्या नळीचं खोड, फायबरच्या काड्यांच्या फांद्या, तळाला नांगर आणि वर तरंगता गोळा, आणि काड्यांना टांगलेले तुकडे. मध्यपाण्यात तरंगल्यामुळे चारही बाजूंनी पाणी फिरतं, गाळ बसत नाही, आणि तळावरून सरपटत येणारे खादाड शंख आणि काटेरी किडे वर पोचत नाहीत. फांद्यांच्या जातींसाठी मी आजही टाकीपेक्षा हेच पसंत करेन.

विजेबद्दल फार लिहीत नाही. लोखंडी सांगाड्यात कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडला की त्यावर समुद्रातला चुना आणि मॅग्नेशियमचं खनिज साठतं. वुल्फ हिल्बर्ट्झ आणि टॉम गोरो यांनी हे ‘बायोरॉक’ नावाने पुढे आणलं, आणि बालीतल्या पेमुतेरानला २००० सालापासून असे सांगाडे आहेत. लोखंड गंजत नाही आणि तुटलेले तुकडे घट्ट धरून बसतात, हा फायदा मला पटतो. वाढीच्या वेगाबद्दल मात्र प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. काही जातींना फायदा, काहींना काहीच नाही, काहींची वाढ उलट मंदावलेली. शिवाय तार तुटली, पुरवठा बंद पडला की सगळं अडलं. नव्या गटाने इथून सुरुवात करू नये.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढं लिहायला बसले तो मुद्दा. सगळ्यात वेगाने वाढणारी प्रवाळं निवडू नका.

रोपवाटिकेत दहा वंश लावले की वर्षाने त्यातले दोन-तीन चटकन उठून दिसतात. इतरांच्या दुप्पट झालेले असतात. साहजिकच पुढच्या वर्षी त्यांचीच कलमं जास्त निघतात, कारण कापायला तीच जास्त असतात. तीन-चार वर्षांत अख्खी रोपवाटिका त्या दोन-तीन वंशांची होते. हे कोणी ठरवून करत नाही, होऊन जातं. आणि वेगाची किंमत कुठेतरी चुकवलेली असते. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲक्रोपोराच्या पिल्लांना दोन वेगळ्या प्रकारची शैवालं देऊन पाहिली होती. ‘सी’ गटाचं शैवाल मिळालेली पिल्लं ‘डी’ गटाच्या शैवालवाल्यांपेक्षा दोन ते तीन पट वेगाने वाढली. पण उष्णता सोसायची वेळ येते तेव्हा सहसा ‘डी’ गटवालीच टिकतात. टाकीत जे मागे पडलेलं, रडतखडत वाढणारं वाटतं तेच प्रवाळ तापलेल्या समुद्रात उभं राहण्याची शक्यता असते. नेहमीच असं होतं असं नाही. वेगवान आणि चिवट असे दोन्ही गुण असलेले वंशही सापडतात. पण ते शोधून काढावे लागतात, वेगावरून ओळखता येत नाहीत.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं बोलणं नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्र असा तापला की जुलैत मॅनटी बे या उथळ खाडीत ३८ अंश सेल्सिअसच्या वर नोंद झाली. सोम्ब्रेरो रीफवर वर्षानुवर्षं खपून लावलेली प्रवाळं पाहायला पाणबुडे उतरले तर एकही जिवंत सापडलं नाही. रोपवाटिकांतले तुकडे बादल्याबादल्यांनी किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवावे लागले. त्या उष्णतेच्या लाटेनंतर फ्लोरिडाच्या रीफवर एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न, म्हणजे वेगाने वाढतात म्हणून सगळ्यात जास्त लावल्या गेलेल्या नेमक्या त्या दोन जाती, इतक्या थोड्या उरल्या की रीफ बांधण्याचं काम आता त्यांच्याकडून होत नाही. ती प्रवाळं लावणाऱ्यांचे हात माझ्याच हातांसारखे होते. तेव्हाचे फोटो मी अजून नीट पाहू शकत नाही. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा फक्त एक अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तरी विरंजन सुरू होतं. आणि विरंजनातून वाचलेलं प्रवाळसुद्धा पुढे कित्येक महिने वाढत नाही. एका उन्हाळ्यात गमावलेली वाढ कोणत्याही खाद्याने भरून निघत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक वंशाचा एक तुकडा तापवून पाहतो: काही तास पाणी ठरावीक अंशांनी वर न्यायचं आणि कोण किती रंग टिकवतं हे नोंदवायचं. साधी चाचणी आहे, कॅमेरा आणि हीटर पुरतात. आणि लावणीत कोणत्याही एका वंशाचा वाटा दहा टक्क्यांवर जाऊ देत नाही. हा आकडा आमचा, शास्त्राचा नियम नाही. पण काहीतरी मर्यादा लिहून भिंतीवर लावल्याशिवाय हात आपोआप वेगवान तुकड्याकडेच जातो.

दुसरी गोष्ट, वाढ वाढवण्यापेक्षा वाढ अडवणारं बाजूला करणं बहुतेक जागी जास्त फळतं. इंडोनेशियात सुलावेसीजवळ बोंतोसुआ बेटाभोवती कैक वर्षांपूर्वी सुरुंग लावून मासेमारी व्हायची. रीफचा चुरा झाला, आणि त्या चुऱ्यावर पुन्हा काही उगवेना. प्रवाळाची पिल्लं बसायची, पण लाटेबरोबर खडे लोळले की चिरडली जायची. तिथे वाळूचा लेप दिलेल्या षटकोनी लोखंडी चौकटी एकमेकींना बांधून त्या चुऱ्यावर पसरल्या आणि त्यांवर तुकडे बांधले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असं निघालं की चार वर्षांत त्या रीफवर चुना साठण्याचा वेग शेजारच्या निरोगी रीफच्या तोडीचा झाला. कोणत्याही तुकड्याला टॉनिक दिलं नव्हतं. नुसती जमीन स्थिर केली. त्यातही मेख आहे, लावलेल्यांत फांद्यांच्या जातीच जास्त असल्यामुळे गोळ्यांचं वैविध्य तितकं परतलेलं नाही. पण चार वर्षं हा काळ आमच्या धंद्यात फार थोडा आहे.

तसंच शैवालाचं. रोपवाटिकेत आम्ही दात घासायच्या ब्रशने चकत्या साफ करतो, आणि टाकीत छोटे शंख सोडतो म्हणजे हाताचं काम निम्मं होतं. खुल्या रीफवर ब्रश घेऊन कोण पुरा पडणार? तिथे चरणारे प्राणी हवेत. कॅरिबियनमध्ये १९८३-८४ च्या साथीत लांब काट्यांचे, शैवाल खाणारे काळे समुद्री अर्चिन जवळजवळ सगळे मेले, आणि त्यानंतर शैवालाने जे डोकं वर काढलं ते आजही खाली गेलेलं नाही. २०२२ मध्ये त्यांच्यावर पुन्हा साथ आली. फ्लोरिडात मोठे शाकाहारी खेकडे सोडून पाहिले तेव्हा शैवाल निम्म्याहून कमी झालं आणि प्रवाळाची नवी पिल्लं जास्त दिसू लागली. तुमच्या जागी पॅरटफिश (चोचीने शैवाल खरवडणारे मासे) आणि अर्चिन किती आहेत हे आधी मोजा. ते नसतील तर पन्नास पट वेगाने वाढवलेला नखाएवढा तुकडाही शैवालाशी शर्यत हरतो. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: पॅरटफिश नव्या लावलेल्या तुकड्यांची चव घेऊन पाहतातच. एकटा तुकडा लावला तर तो आठवडाभरात चोचीने उखडला जातो, म्हणून शेकड्याने आणि एका दिवसात लावायचे.

कलमांनी एक गोष्ट कधीच होत नाही: नवा वंश जन्माला येत नाही. त्यासाठी अंडी आणि शुक्राणूच लागतात. वर्षातल्या ठरावीक रात्री, पौर्णिमेनंतर काही दिवसांनी, प्रवाळं एकदम अंडी सोडतात. ती जाळीत धरून, फलन करून, अळ्या वाढवून रीफवर सोडता येतात. पीटर हॅरिसन यांच्या गटाने फिलिपिन्समध्ये असं केलं आणि त्यातली ॲक्रोपोराची पिल्लं तीनच वर्षांत स्वतः अंडी देण्याइतकी मोठी झाली. बसलेल्या पिल्लांतली बहुतेक पहिल्या वर्षातच मरतात, म्हणून काम धीराचं आहे. पण समुद्र तापत असताना उद्याच्या उष्णतेला जुळेल असा वंश हवा असेल तर तो इथूनच येणार. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नका, तिसऱ्या वर्षी मात्र नक्की जा.

मोजणीशिवाय यातलं काहीच कळत नाही. कातडी मोजायला वरून, पट्टी शेजारी ठेवून, दर महिन्याला त्याच कोनातून फोटो. वजन मोजायला तुकडा तराजूखाली दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. कातडीची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे तराजूवर जवळजवळ नुसता चुना येतो, आणि प्रवाळाला पाण्याबाहेर काढावं लागत नाही. वजनाची वाढ आणि कातडीची वाढ यांत फार तफावत पडली की समजा, सूज आहे. आणि मोजणी चालू ठेवा. जगभरातल्या प्रकल्पांच्या एका मोठ्या आढाव्यात, जो २०२० मध्ये आला, साठ टक्क्यांच्या आसपास प्रकल्पांनी दीड वर्षही नोंदी ठेवल्या नव्हत्या असं दिसलं. दीड वर्षात सगळंच छान दिसतं. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात असते.

तर किती वर्षं? जमीन स्थिर असेल, चरणारे असतील, पाणी स्वच्छ असेल आणि मध्ये मोठी उष्णतेची लाट आली नाही, तर फांद्यांच्या जातींचं भरगच्च आच्छादन तीन-चार वर्षांत. सूक्ष्म तुकड्यांनी मढवलेले गोळे वयात यायला पाचेक वर्षं. आणि लाटा अंगावर घेणारा, मासळीला कपारी देणारा जाड सांगाडा नव्याने बांधला जायला कित्येक दशकं. त्याला कोणतीही युक्ती नाही. म्हणूनच मेलेले जुने गोळे उभे असतील तर ते सोनं समजा, आणि पोखरले जाऊन कोसळायच्या आत त्यांच्यावर कातडी चढवा. तुमच्या मर्यादित हातांचं सगळ्यात चांगलं काम मला तेच वाटतं.

सुरुवात करवतीपासून करू नका. एक उन्हाळा त्या खडकावर आणि आसपास नुसतं पोहा. पाणी सगळ्यात तापलेलं असताना आजूबाजूची प्रवाळं पांढरी पडलेली असतील, आणि त्यांच्यात एखादा गोळा, एखादी फांदी तपकिरीच राहिलेली असेल. तिच्याजवळ खूण बांधा, खोली आणि तारीख लिहा. परवानगी हातात आली की पहिलं कलम तिचं घ्या, शक्यतो आपसूक मोडून खाली पडलेल्या तुकड्याचं, आणि ते हळू वाढलं तरी टाकीतून काढून टाकू नका.